दुकानाच्या वहीत एक पान संस्थेचं: ठाण्यातल्या लहान व्यावसायिकांसाठी

माझं नौपाड्यात स्टेशनरी आणि भेटवस्तूंचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी एका कार्यशाळेला दीड हजार कागदी पिशव्यांची ऑर्डर दिली. कार्यशाळा म्हणजे अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांगांना काम शिकवणारं आणि देणारं केंद्र. मुदत दिली दहा दिवसांची. पिशव्या वेळेत आल्या, सुबक आल्या. पैसे मी हातोहात दिले आणि त्या समाधानात दिवाळी गेली. जानेवारीत सहज तिकडे गेलो तेव्हा तिथल्या ताई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, पुढच्या वेळी जरा आधी सांगाल का? त्या पिशव्या आमच्या मुलांनी नाही केल्या. त्यांच्या आयांनी रात्री जागून केल्या."

ज्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून ऑर्डर दिली, तेच त्या दहा दिवसांत कडेला बसून राहिले होते. माझ्या घाईमुळे.

ठाण्यात देणाऱ्यांची कमी नाही. गोखले रोडपासून वागळे इस्टेटपर्यंत कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो नाही म्हणत नाही. पण कसं द्यावं हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून बरंचसं देणं एका दिवसात, एका फोटोत संपतं. संस्थेला खरा आधार नेमाचा असतो. दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, ठरलेलं काम किंवा ठरलेली रक्कम. तो नेम कसा बसवायचा, हे मी चुकतमाकत शिकलो. ते इथे क्रमाने मांडतो.

पहिली पायरी: माणसं समजून घ्या

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. इथे विषय आहे बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) यांचा. डाउन सिंड्रोम असलेली माणसंही यात येतात. हा आजार नाही, संसर्ग तर नाहीच. वाढीच्या वयात, बहुतेकदा जन्मापासूनच असलेली ही अवस्था आहे आणि ती आयुष्यभर सोबत राहते. मानसिक आजार ही वेगळी गोष्ट. दोन्हींची गल्लत आपल्या बोलण्यात सर्रास होते. आणखी एक गल्लत सेरेब्रल पाल्सीबद्दल: हात थरथरतो, बोलणं अडखळतं, म्हणून बुद्धी कमी असेल असं आपण गृहीत धरतो. अनेकांची बुद्धी तुमच्या-माझ्याइतकीच तल्लख असते, अडचण असते ती स्नायूंवर ताबा ठेवण्याची.

वयाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. याच कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. म्हणजे अठरापर्यंत शाळा असते, डबा असतो, बाई असतात. एकोणिसाव्या वर्षी बरेचजण घरी बसतात आणि मग वर्षानुवर्षं बसूनच राहतात. आईवडील म्हातारे होत जातात आणि "आमच्यानंतर काय?" हा प्रश्न घरात रोज जेवायला बसतो. लहान मुलांच्या शाळेला देणगी सहज मिळते, कारण लहान मुलं सगळ्यांना गोड वाटतात. पस्तिशीतल्या माणसाच्या कार्यशाळेकडे फारसं कोणी फिरकत नाही. दुकानदार म्हणून आपल्याकडे काम असतं, आणि मोठ्यांना कामच हवं असतं. माझं मत विचाराल तर सुरुवात तिथून करा.

या क्षेत्रात तिशी-चाळिशीतल्यांनाही मायेने "मुलं" म्हणतात. ताईंनी म्हणावं, त्यांचं नातं तेवढं आहे. आपण म्हणू नये. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याला नावाने हाक मारायची, वडीलधारा असेल तर काका म्हणायचं.

संस्था शोधणं आणि पहिली भेट

शोध घराजवळून सुरू करा. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे विशेष शाळा आणि कार्यशाळांची माहिती मिळते. नवी मुंबईकरांसाठी महापालिकेचं वाशीतलं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र जवळ आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र खारघरला आहे, तिथून मार्गदर्शन मिळू शकतं. पालकांनी एकत्र येऊन उभं केलेलं काम बघायचं असेल तर डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' हे निवासी केंद्र आहे. आणि काम देण्याची कल्पना किती पुढे जाऊ शकते ते बघायला एकदा जुहूच्या 'अर्पण' कॅफेत चहा पिऊन या. यश चॅरिटेबल ट्रस्टचा हा कॅफे विकासात्मक (म्हणजे वाढीच्या वयापासूनचं) दिव्यांगत्व असलेली प्रौढ माणसं चालवतात.

संस्था निवडताना अंतराला महत्त्व द्या. दुकानापासून वीस मिनिटांत पोचता येईल अशी संस्था असेल तर नेम टिकतो. घोडबंदर रोडच्या टोकाला संस्था आणि तुमचं दुकान जांभळी नाक्याला, तर दोन महिन्यांनी तुमचा माणूस जायला कंटाळेल.

पहिली भेट ३ डिसेंबरला घेऊ नका. त्या जागतिक दिव्यांग दिनी एकाच शाळेत दुपारपर्यंत चार ठिकाणचे केक आलेले मी पाहिले आहेत. मुलं तीन वेळा गाणं म्हणून दमलेली, आणि पथ्य असलेल्या मुलाला केक कसा नाकारायचा या चिंतेत मदतनीस मावशी. जून-जुलैतला किंवा फेब्रुवारीतला साधा मंगळवार-बुधवार निवडा. आधी फोन करून अकराच्या सुमारास जा, खाऊ नेऊ नका, तासभर एका जागी शांत बसा.

बसल्या बसल्या काय बघायचं? मोठ्या माणसांशी तिथे कोणत्या सुरात बोलतात. संडास स्वच्छ आहे का, दाराला कडी आहे का. कोणी चिडलं, रडलं तर काय करतात. भिंतीवरची चित्रं कोणाच्या हातची आहेत: शिक्षकांच्या की खरंच तिथल्या मंडळींच्या? एवढ्यावरून संस्थेबद्दल जे कळतं ते माहितीपत्रकातून कळत नाही.

मग एकच प्रश्न विचारा: "या महिन्यात तुमची कशाची अडचण आहे?" उत्तर बहुधा अनपेक्षित असतं. रिक्षाचं भाडं. वीजबिल. कटिंग मशीनचं पातं. मोठ्या मापाचे डायपर. मदतनीस मावशींचा पगार. या गोष्टी फोटोत चांगल्या दिसत नाहीत, म्हणून त्यांना कोणी पैसे देत नाही. मावशी टिकल्या तर केंद्र टिकतं, इतकं ते साधं आहे.

कागदपत्रं

संकोच न करता मागा. चांगली संस्था फाइल तयारच ठेवते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचं धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणीपत्र (संस्था कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी असेल तर तिचे कागद), पॅन, आयकराची १२एबी (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ची चालू मंजुरी, शेवटच्या दोन वर्षांचे तपासलेले हिशेब. ८०जी च्या मंजुरीला आता मुदत असते, तेव्हा तारीख बघा. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरची नोंद पाच मिनिटांत तपासता येते. शाळा असेल तर मान्यतापत्र विचारा. बँकेचं खातं संस्थेच्या नावाचं हवं. कुणा विश्वस्ताच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवू नका, माणूस कितीही भला असो.

तुमच्या धंद्यातून काय निघतं

चेकबुक काढायच्या आधी स्वतःच्या दुकानात एक चक्कर मारा. मी मारली तेव्हा लॅमिनेशनचं मशीन समोर दिसलं. विशेष शाळांना चित्रकार्डं सतत लागतात. ज्याला बोलता येत नाही तो पाण्याच्या ग्लासचं चित्र दाखवून पाणी मागतो. कार्डं रोज हाताळली जातात, कधी चावली जातात, महिनाभरात फाटतात. रंगीत प्रिंट आणि जाड लॅमिनेशन, कोपरे गोल कापलेले, अशी चाळीस कार्डं महिन्याला करून देणं मला अजिबात जड नाही. शाळेला मात्र ते बाहेरून करून घेणं परवडत नव्हतं. कोपरे गोल हवेत हे बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. टोकदार कोपरा गालाला लागतो.

सीएने वर्षाचं ऑडिट किंवा ८०जी चं नूतनीकरण स्वतःच्या वेळेत करून द्यावं. लहान संस्था तिथेच अडकतात आणि मग देणगीदार गमावतात. इलेक्ट्रिशियनने तीन महिन्यांतून अर्धा दिवस जाऊन पंखे, पॉइंट, अर्थिंग बघावं. केशकर्तनालयाच्या मालकाने सकाळी गिर्‍हाईक यायच्या आधीची वेळ ठेवावी: मशीनचा आवाज, अंगावर पडणारे केस, मानेला स्पर्श, हे सगळं स्वमग्न मुलाला असह्य होऊ शकतं. रिकाम्या दुकानात, कात्रीने, हवं तेवढं थांबत केस कापले तर एका आईचं महिन्याचं मोठं संकट टळतं. दंतवैद्यांनाही हेच लागू. हॉटेलवाल्यांनी दुपारी चारची शांत वेळ द्यावी, कुटुंबाला "तुमचं मूल आवाज करतंय" असं ऐकावं लागणार नाही अशी.

खपत नसलेला माल मात्र देऊ नका. मागच्या वर्षीच्या डायर्‍या, मुदत संपत आलेली बिस्किटं, एकाच मापाचे उरलेले टी-शर्ट. संस्था नाही म्हणू शकत नाही आणि मग ते ठेवायचं कुठे हा त्यांचा प्रश्न होतो.

ऑर्डर देण्याची रीत

२०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कागदी आणि कापडी पिशव्यांची गरज प्रत्येक दुकानाला आहे. औषधांच्या दुकानाला छोटी पाकिटं लागतात, दवाखान्याला फाइली, फरसाणवाल्याला घडी करून ठेवलेली खोकी, सगळ्यांनाच दिवाळीला पणत्या आणि भेटीचे संच. हे काम कार्यशाळा करू शकतात. फक्त ऑर्डर त्यांच्या चालीने द्यायला हवी.

सुरुवात नमुन्यापासून. तुम्हाला हवी तशी एक पिशवी नेऊन द्या आणि तशा दहा मागा. घाई करू नका. त्या दहा कोणी, कशा केल्या ते जाऊन बघा. पिशवीच्या कामाचे तुकडे पडतात: कागद मापाने कापणं, घडी, कड चिकटवणं, तळ बसवणं, भोकं पाडणं, दोरी ओवणं, मोजून गठ्ठा बांधणं. मी पाहिलेल्या टेबलावर तिशीतला एकजण फक्त घडीचं काम करतो. त्याच्यासमोर पुठ्ठ्याचा साचा चिकटपट्टीने टेबलाला पक्का केलेला आहे. कागद साच्याला टेकवायचा, कड वाकवायची, लाकडी पट्टी एकदा फिरवायची. प्रत्येक कागद तो उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरतो, कड सरळ आहे का बघतो आणि मगच पुढे सरकवतो. त्याच्या शेजारच्या बाईंना अंक ओळखता येत नाहीत. त्यांच्यासमोर दहा खाचांची लाकडी फळी आहे. एका खाचेत एक पिशवी. सगळ्या खाचा भरल्या की रबर लावायचं. त्यांचा गठ्ठा मी कधी नऊचा किंवा अकराचा पाहिलेला नाही.

हे बघितल्यावर तुम्हाला कळतं की पिशवीत काय बदललं तर काम सोपं होईल. माझ्या जुन्या पिशवीला दोन रंगांची गाठवलेली नाडी होती. ती काढून साधी दोरी घेतली तर आणखी दोघांना काम मिळालं. गिर्‍हाईकाला फरकही कळला नाही.

मुदत कशी काढायची? साध्या दिवशी किती नग निघतात ते विचारा. रोज चाळीस म्हणाले तर महिन्याचे बावीस दिवस गुणून आठशेऐंशी धरू नका; कोणाला फिट येते, कोणाची आई आजारी पडते, पावसात रिक्षा मिळत नाही. सहाशे धरा. दिवाळीची ऑर्डर गणपतीच्या आधी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच द्या. राख्यांची बोलणी मार्चमध्ये करा. आणि एकदम मोठी ऑर्डर देण्यापेक्षा बारा महिने दोन-दोनशे नग घ्या. वर्षातून एकदा आलेली मोठी ऑर्डर आयांना जागवते. दर महिन्याची छोटी ऑर्डर त्या टेबलावर बसणार्‍यांची होते.

दर बाजाराप्रमाणे. समजा मशीनची पिशवी सहा रुपयांना पडते आणि हातची नऊला, तर सगळीकडे हातची वापरायचा हट्ट धरू नका, चार महिन्यांत तुम्हालाच ते परवडेनासं होईल. भेटवस्तूंच्या काउंटरला ती वापरा, तिथे गिर्‍हाईक पिशवीकडे बघतं. मात्र घासाघीस करून नऊचे सात करू नका. उपकार म्हणून बाराही देऊ नका. मालाला मालाची किंमत द्या, देणगी द्यायची तर तिची वेगळी पावती घ्या. दोन्ही एकत्र केलं की मालाची खरी किंमत संस्थेलाही कळत नाही.

कच्चा माल तुम्ही दिलात तर फार बरं. आपल्याला होलसेलमध्ये क्राफ्ट पेपरचं रिम जे स्वस्त पडतं ते त्यांना पडत नाही, आणि त्यांचे पैसे त्यात अडकतात. चलन करून कागद पाठवा, मजुरीचं बिल घ्या.

पैशांबद्दल कळकळीने सांगतो. आपल्या बाजारात पंचेचाळीस-साठ दिवसांची उधारी चालते. तिथे चालत नाही. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाला विद्यावेतनाचं पाकीट मिळतं. रक्कम लहान असते, पण ते पाकीट घरी नेऊन आईच्या हातात देण्याची वाट महिनाभर पाहिलेली असते. माझ्याकडून एकदा बिल पंधरा दिवस राहून गेलं आणि त्या महिन्याची पाकिटं उशिरा निघाली. आता अर्धे आगाऊ, उरलेले माल आल्यापासून सात दिवसांत, हा माझा नियम आहे.

खराब माल आला तर तोंडावर सांगा. वेड्यावाकड्या पिशव्या गुपचूप टाकून देणं हा सौजन्याचा देखावा झाला; पुढच्या वर्षी तुम्ही ऑर्डर देणार नाही आणि त्यांना कारणही कळणार नाही. एक बिघडलेली पिशवी घेऊन जा, टेबलावर ठेवा, कुठे सुटली ते दाखवा. साचा दुरुस्त होतो.

पिशवीवर "दिव्यांगांनी बनवलेली, कृपया मदत करा" असं छापू नका. कार्यशाळेचं नाव छापा. पुरे.

दुकानात कामाला घेताना

ऑर्डर सुरळीत झाली की हा विचार आपसूक येतो. येऊ द्या, पण सावकाश. आधी दुकानातल्या कामांची यादी करा आणि त्यातलं रोज तेच, त्याच क्रमाने होणारं काम वेगळं काढा: किमतीच्या चिठ्ठ्या लावणं, खोकी घडी करणं, रिकामी फळी भरणं, पार्सलवर पत्त्याची चिठ्ठी चिकटवणं. त्या कामाचे टप्पे चित्रांनी भिंतीवर लावा. सूचना एका वेळी एकच द्या. "जरा तिकडचं आवरून घे" हे वाक्य कोणालाच धड कळत नाही, स्वमग्न माणसाला तर नाहीच. "हे खोकं खालच्या फळीवर ठेव" हे कळतं.

पहिले दोन महिने आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास. संस्थेचा जॉब कोच (कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणारा) किंवा शिक्षक सुरुवातीला सोबत बसेल अशी बोलणी करा. दुकानात सूचना देणारा माणूस एकच ठरवा. येण्याजाण्याचा रस्ता आणि बस आधी चार-पाच वेळा सोबत करून सवयीचे करून घ्यावे लागतात, ते काम पालकांवर सोपवून मोकळे होऊ नका. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी राम मारुती रोडवर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी सुट्टी द्या किंवा सकाळची वेळ द्या, पण बदल चार दिवस आधी सांगा. वेळापत्रक अचानक बदललं तर काहींची अख्खी घडी विस्कटते.

पगार पहिल्या दिवसापासून द्या. त्याच कामाला दुसर्‍याला जे देता तेच, तासांच्या हिशेबाने, किमान वेतनाच्या खाली नाही. "शिकतोय ना अजून" म्हणून महिनोन् महिने फुकट राबवणं चुकीचं आहे आणि ते या क्षेत्रात घडतं. पैसे त्यांच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात जावेत. खातं काढताना पालकत्वाचा प्रश्न आला तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीचे प्रमुख असतात ती समिती कायदेशीर पालक नेमते. संस्थेला ही वाट माहीत असते. याच न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तुमच्याकडे येणार्‍याची ती काढलेली आहे का, तेवढं विचारा. नसेल तर वर्षाचे पैसे भरून टाका.

तुमच्याकडे वीस किंवा जास्त माणसं असतील तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे समान संधी धोरण तपशीलवार लिहून जाहीर करावं लागतं. आणि संख्या कितीही असो, स्टाफला आधी जमवून बोला. नक्कल, टोपणनावं, "ए येड्या" अशी हाक, यातलं काहीही दुकानात चालणार नाही हे मालकाच्या तोंडून गेलं पाहिजे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षं कैद आणि दंड, अशी तरतूद कलम ९२ मध्ये आहे.

फिट येण्याबद्दलही स्टाफला सांगून ठेवा, कारण काहींना ती येते. घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, हातपाय दाबून धरू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांच्या वर चाललं, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन. घरच्यांचा नंबर काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असू द्या.

पावती आणि कर

इथे सीएला विचाराच, पण ढोबळ चित्र असं. ८०जी खाली अशा बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कम तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते, आणि देणगी एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतचीच धरतात. २०,००० रुपये दिले तर उत्पन्न १०,००० ने कमी धरतात. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर साधारण तीन हजारांचा कर वाचतो. रोख दोन हजारांच्या वर दिलं तर सवलत नाही. वस्तू दिल्या तर सवलत नाही. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मिळतच नाही. संस्थेच्या साध्या पावतीवर भागत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरण भरून तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं असतं, आजवर ते फॉर्म १०बीई म्हणून ओळखलं जातं, आणि मुदत ३१ मे असते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा कागदावर नवा आकडा दिसला तर गोंधळू नका.

आता दुसरी बाजू बघा. त्याच वीस हजारांच्या पिशव्या घेतल्या तर तो सरळ धंद्याचा खर्च आहे, पूर्ण वीस हजारांचा. पगारही तसाच. म्हणजे काम देणं तुमच्या वहीलाही सोपं जातं.

जीएसटीत एक खाच आहे. दुकानातला माल फुकट दिलात तर त्यावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं. बरेच दुकानदार हे विसरतात. संस्थेने भिंतीवर "अमुक यांच्या सौजन्याने" असा आभाराचा फलक लावला तर ती जाहिरात ठरत नाही. पण फलकावर तुमच्या मालाची जाहिरात छापली तर ते प्रायोजकत्व झालं आणि संस्थेवर कराचा प्रश्न येऊ शकतो.

सीएसआरची, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकार्यावर खर्च करण्याची सक्ती लहान धंद्याला नाही. ती ५०० कोटी निव्वळ मालमत्ता, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक असलेल्या कंपन्यांना आहे. पण वागळे इस्टेटमधला तुमचा एखादा मोठा गिर्‍हाईक त्यात बसत असेल तर संस्थेची गाठ घालून द्या. त्यासाठी संस्थेचा सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म भरलेला लागतो.

गल्ल्यावरचा डबा

काउंटरवर देणगीचा डबा ठेवायचा तर तो संस्थेचा, संस्थेच्या नावाचा, सीलबंद. उघडताना दोघांची माणसं हजर, मोजून लगेच पावती, आणि ती पावती पुढच्या डब्याशेजारी चिकटवलेली. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच, तुमच्या नव्हे. गिर्‍हाईकाने दिलेला पैसा हा त्याचा. त्यावर सवलत तुम्ही घेऊ शकत नाही, तो तुमच्या गल्ल्यातून फिरवायचाही नाही. डब्यावर रडणार्‍या मुलाचा फोटो लावू नका.

फोटोंचं एकूणच सांभाळा. संस्थेची लेखी परवानगी, पालकांची परवानगी, आणि त्या माणसालाही विचारायचं: "तुझा फोटो काढू का?" अनेकांना नाही म्हणता येतं, आपण विचारत नाही. तुमच्या व्हॉट्सॲप स्टेटससाठी कोणाला ओळीत उभं करून हातात पाकीट धरायला लावू नका. फोटो काढायचाच तर तयार पिशवीचा काढा.

गल्लीची साखळी

एकट्या दुकानाची महिन्याची गरज दोनशे पिशव्यांची. गल्लीतल्या सहा दुकानांची मिळून बाराशेची, आणि तेवढ्यावर एक टेबल वर्षभर चालतं. व्यापारी संघटनेच्या बैठकीत विषय काढताना भाषण करू नका, दहाचा एक गठ्ठा टेबलावर ठेवा आणि दर सांगा. आमच्या शेजारच्या औषधवाल्यांनी पाकिटं घ्यायला सुरुवात केली ती माझ्या सांगण्यावरून नाही, पाकिटाची कड सरळ दिसली म्हणून. सहा जणांनी मिळून एक वेळापत्रक बनवा, कोणाची खेप कोणत्या आठवड्यात ते ठरवा, म्हणजे सगळ्यांची दिवाळी एकदम त्या टेबलावर कोसळणार नाही.

वर्षाच्या शेवटी, मार्चची गडबड सुरू व्हायच्या आधी, ताईंबरोबर बसून तीन गोष्टी लिहून काढा: किती महिने ऑर्डर चुकली, किती बिलं उशिरा गेली, किती जणांना नवं काम मिळालं. पुढच्या वर्षीचा आकडा जिथे पेलवत नाही तिथे आत्ताच कमी करा. मध्येच बंद पडण्यापेक्षा लहान राहिलेलं बरं.

माझ्याकडे खेप गुरुवारी सकाळी साडेदहाला येते. घडीचं काम करणारा तोच तिशीतला गृहस्थ मदतनीस मावशींबरोबर येतो. गठ्ठे काउंटरवर एकावर एक रचतो आणि चलनाची वही उघडून माझ्यापुढे धरतो. मी सही करायला गेलो की तो वहीवर हात ठेवतो. आधी मोजायचं असतं. मी त्याच्यासमोर वीस गठ्ठे मोठ्याने मोजतो, विसावा झाला की तो हात उचलतो, आणि मग मी सही करतो.